भट्टीपाशी एक टँगो

संध्याकाळी भूममध्ये एखाद्या खव्याच्या भट्टीपाशी उभं राहा. बोलू नका. कढईत उलथनं फिरतंय, तेवढंच ऐका. तळ खरवडत जाणं, परत येणं. चार-पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होईपर्यंत तो हात थांबत नाही. तुमचा श्वासही त्याच्या संगतीनं जाऊ-येऊ द्या.

आता त्या तालावर एक परकी चाल येऊ द्या. वॉर्सा, १९३५. येझी पेटेर्सबुर्स्कीनं टँगो बांधला, झेनोन फ्रीडवाल्डनं शब्द लिहिले, मिएचिस्लाव फॉगनं गायला. नावाचा अर्थ ‘हा शेवटचा रविवार’. सोडून चाललेल्या प्रेयसीकडं एकच दिवस मागणारं गाणं. पोलिश येत नाही? नसू दे. जड पाऊल, थबकणं, पुन्हा पाऊल. एवढंच धरून ठेवा.

असली गाणी नाचघरांसाठी होती. कॅफेत वाजायची, सीरेना कंपनीच्या तबकड्या खपायच्या, पुढच्या हंगामाला नवी चाल. हलकी गाणी. या शब्दाशी जरा थांबा. ‘हलकं’ आपण नावं ठेवायला म्हणतो. बिऱ्हाड बांधायची वेळ आली की मात्र हलकं तेच बरं पडतं.

पेटेर्सबुर्स्कीचा वाद्यवृंदातला जोडीदार आर्तुर गोल्ड. ज्यू. त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत त्याला कैद्यांचा बँड उभा करायला लावला, आणि १९४३ साली तिथंच मारलं. लगेच पुढं वाचू नका. उलथन्याचे चार फेरे होऊ द्या.

मग हांका ओर्दोनूव्ना आठवा. १९३३च्या एका चित्रपटात, प्रेम सगळं माफ करतं असं सांगणारं गाणं तिनं गायलं. चाल हेन्रिक वार्सची, शब्द युलियान तुविमचे. वॉर्साची लाडकी गायिका. युद्धात तिची रवानगी सोव्हिएत छावणीत झाली. सुटल्यावर, क्षयानं पोखरलेल्या छातीनिशी, १९४२ साली ती पोलिश अनाथ मुलांबरोबर मुंबईला आली. मुलं काही काळ वांद्र्याला राहिली, पुढं जामनगरजवळ बालाचडीला गेली. त्या मुलांच्या वणवणीवर तिनं पुस्तक लिहिलं. १९५० साली ती बैरूतमध्ये वारली.

आणि आपलं वळिवडे. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत १९४३ ते १९४८ पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियात हाकलून दिलेली, इराणमार्गे आलेली. एखादी बाई धुणं पिळता पिळता तो रविवारचा टँगो गुणगुणली असेल का? डोळे मिटा, तिला गुणगुणू द्या. तिच्याकडं तबकडी नाही, फोनोही नाही.

आपल्याकडं दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पत्रे, भांडी, शेरडं, लेकरं. त्या गाडीत कुणाच्या ओठावर काय असतं, कधी नीट ऐकलंय?

तुमच्या ओठावर काय येईल? थोर गाणं शोधू नका, भजन तर मुद्दाम आठवूच नका. जी चाल आपसूक येईल, भले जुन्या तमाशापटातली असो, तिला येऊ द्या. शब्द विसरले असतील तर हं-हं करत चालवा.

भट्टीवाल्यानं कढई उतरवली. निखारे अजून लाल आहेत. त्याच्या तोंडातही काहीतरी चाललंय, मघापासून.