किल्ली कुठे आहे?

चहा हातात असेल तर एक गोष्ट ऐका. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल?

१९८३ साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न लहान मुलांना विचारला. तीन वर्षांची मुलं बेधडक दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात. चॉकलेट तिथेच आहे ना! मॅक्सीला ते ठाऊक नाही, हे त्यांच्या गावीही नसतं. चार-पाच वर्षांची होता होता बहुतेकांना ते उमगतं.

यानंतरचा एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. गोळ्यांच्या डबीतून पेन्सिली निघतात. ‘उघडण्याआधी आत काय आहे असं तुला वाटलं होतं?’ असं विचारलं, की तीन वर्षांची बरीच मुलं सांगतात, ‘पेन्सिली!’ आत्ताच तर ‘गोळ्या’ म्हणाली होती. म्हणजे दुसऱ्याचं मनच नव्हे, स्वतःचं मघाचं मनही त्यांना दिसत नाही.

आणि आपण मोठी माणसं? परवा मी घराची किल्ली नेहमीच्या खुंटीवरून काढून फडताळात ठेवली. बायको अर्धा तास शोधत होती. मी वैतागून म्हणालो, ‘अगं, फडताळात तर आहे, एवढं कळत नाही?’

तिला कसं कळणार? साठीला आलेला मी त्या क्षणी तीन वर्षांचा होतो. किल्ली आता पुन्हा खुंटीवर आहे.