पाहुणे कुठले?

मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीचं कॉलेज मुक्कामी गाडीवर झालं. रात्री गावात थांबलेली एसटी पहाटे जिल्ह्याकडं निघायची तेव्हा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर डबे मांडलेले असायचे. ॲल्युमिनियमचे, कडीचे, झाकणावर ऑइलपेंटनं नाव रंगवलेले. नाव बहुतेक वेळा बापाचं, कारण डबा गाडीत ठेवणारा तो आणि कंडक्टरच्या ओळखीचाही तोच. धाराशिवला तेव्हा आम्ही उस्मानाबाद म्हणायचो. तिथल्या बसस्थानकावर सकाळी पोरांचा घोळका उभा असे. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, जसजशी पाटी दिसेल तसतशी त्या त्या बाजूची पोरं पुढं सरकत. भरलेला डबा उतरवायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा आणि सायकलच्या हँडलला फडकं अडकवून खोलीवर जायचं.

एका खोलीत चौघं. चार डबे आले तर चैन, दोनच आले तर दोन डब्यांतल्या भाकरी चौघांत. पावसाळ्यात गावची गाडी ओढ्याला अडकली की त्या पोराचा डबा नाही, पण त्या पोराला उपास नाही. कालवण वाटेत सांडून भाकरीत मुरायचं, उन्हाळ्यात आंबायचं; म्हणून आयांनी शेंगदाण्याची चटणी, ठेचा, धपाटे अशा टिकाऊ गोष्टींवर भर दिला. कुणाच्या आईचा हात तिखट, कुणाच्या घरी महिनाअखेर तेल कमी पडतं, कुणाच्या शेतात यंदा तूर बुडाली, हे सगळं झाकण उघडलं की कळायचं. त्याबद्दल कुणी बोलत नसे. ज्याच्या डब्यात नुसती भाकर असे, त्याच्यापुढं चटणीची पुडी सरकवली जाई, एवढंच.

पुढं याच जिल्ह्यात मी प्राध्यापकी केली. माझा एक जुना रूम पार्टनर नोकरीनिमित्त पुण्याला स्थिरावला. त्याची मुलगी टेक्सासच्या एका विद्यापीठात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिच्याकडून फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटीचं वर्णन ऐकलं. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी. नावं ग्रीक अक्षरांची, बऱ्याच संस्थांचं स्वतःचं घर, स्वतःची खूण. सत्राच्या सुरुवातीला नव्या मुली घरोघर जाऊन भेटतात, बोलतात. कुणाला घ्यायचं ते जुन्या मुली ठरवतात. मग काही काळ उमेदवारी, मग शपथ, मग आयुष्यभराचं बहीणपण. या चालीचं मूळ 1776 सालच्या फाय बीटा कप्पा या व्हर्जिनियातल्या विद्यार्थी मंडळापर्यंत नेतात. म्हणजे अमेरिकेचं स्वातंत्र्य आणि ही प्रथा एकाच वर्षीची. उमेदवारीच्या नावाखाली छळही चालतो. 2017 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात एकोणीस वर्षांच्या मुलाला अशाच एका रात्री बेसुमार दारू पाजली गेली, तो जिन्यावरून पडला, मदत बोलावायला तासन्‌तास लागले आणि तो गेला. भावांनी भरलेल्या घरात त्याला वेळेवर मदत मिळाली नाही.

आपल्याकडं त्याला रॅगिंग म्हणतात आणि महाराष्ट्रात त्याविरुद्धचा कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. आमच्या भाड्याच्या खोल्यांत मात्र हा प्रकार नव्हता. आम्ही काही फार गुणाचे होतो असं नाही. सिनियर गावचा किंवा शेजारच्या गावचा असे, आमचा डबा आणि त्याचा डबा एकाच बॉनेटवर येत असे आणि त्यानं काही आगळीक केली तर ती बातमी संध्याकाळच्या गाडीनं गावात पोचत असे.

ती मुलगी ज्या संस्थेबद्दल बोलत होती ती दक्षिण आशियाई मुलींची होती. अशा संस्थांतली कप्पा फाय गॅमा ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात 1998 मध्ये सुरू झाली. मी विचारलं, आपल्या मुलींना वेगळं घर कशाला? ती म्हणाली, "काका, बाकीच्या घरांत आम्ही पाहुण्या वाटायचो." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. परक्या घरात पाहुणं वाटलेल्यांनी आपलं घर बांधायचं, हा धडा महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी गिरवला आहे. काळ्या विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी कॉर्नेल विद्यापीठात निघाली ती 1906 मध्ये. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकारानं मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. काळ्या मुलींची पहिली सोरोरिटी अल्फा कप्पा अल्फा हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग कोल्हापुरात त्याच 1908 चं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. पण दार बंद असलं की माणूस काय करतो, ते दोन्हीकडं सारखंच दिसतं.

शाहू महाराजांची बोर्डिंगं जातीजातीची होती, यावर आज नाक मुरडणं सोपं आहे. 1901 मध्ये मराठ्यांचं आणि जैनांचं, मग मुसलमानांचं, लिंगायतांचं, अस्पृश्यांचं. कोल्हापुरात शिकायला आलेल्या खेड्यातल्या मुलाला तेव्हा दुसऱ्या जातीच्या घरात जेवण मिळत नव्हतं आणि खानावळ परवडत नव्हती. जातीनं अडवलेलं पोट जातीच्याच नावानं भरून त्यांनी मुलांना शाळेत बसवलं. माझ्या मते तो हिशेब बरोबर होता. पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं, ते 1924 मध्ये. त्या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव मिळालं. आधी जिने बांधले गेले, मग माडी एक झाली. जिना चढून वर गेल्यावर जे जिन्यालाच कुलूप लावून बसले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे.

आमच्या जिल्ह्यानंही या बाबतीत मागं राहायचं कारण नव्हतं. निजामाच्या राज्यात, लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्यात, 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. उर्दूचा अंमल असलेल्या त्या राज्यात खेड्यातली मुलं तिथं मराठीतून शिकली. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. पुढं ते अंबाजोगाईला गेले आणि मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. 1938 मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांत मुलांनी वंदे मातरम्‌ म्हटलं म्हणून त्यांना बाहेर काढलं गेलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. त्या मुलांना कुणी शपथ दिली नव्हती. बाहेर काढली गेली तेव्हा ती एकत्र उभी राहिली.

आमच्या खोल्यांच्या काळात कुलूप दाराला नव्हतं, घरमालकाच्या जिभेवर होतं. खोली बघायला गेलं की तो जात विचारत नसे. तो विचारी, "गाव कोणतं?" मग, "आडनाव?" आडनावावरून नक्की कळलं नाही तर खुर्चीत जरा पुढं सरून, मोठ्या आपुलकीनं, "पाहुणे कुठले तुमचे?" मामाचं गाव, आत्याचं गाव, बहीण दिलेलं गाव सांगता सांगता सोयरिकीच्या नकाशावर तुमची जागा बरोबर सापडायची. काहींना लगेच किल्ली मिळे. काहींना, "बघतो, पुतण्या येणार आहे बहुतेक." तो पुतण्या कधी आला नाही, खोली मात्र पुढं कितीतरी दिवस रिकामी दिसे. आमच्या चौघांतल्या एकाला या पुतण्यानं दोन-तीन गल्ल्यांतून परत पाठवलं. शेवटी खोली आम्ही घेतली आणि तो नंतर राहायला आला. मालकाला कळलं तेव्हा परीक्षा जवळ आली होती, भाडं वेळेवर मिळत होतं. तो काही बोलला नाही.

खोलीत हाताला हात लागत एकाच डब्यातलं खाणं सोपं होतं. अवघड होती येळवस. मार्गशीर्षातली ही अमावस्या धाराशिव-लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. अख्खं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवशी शहरातल्या खोल्या ओस पडत. ज्याला शेत नाही त्यानं कुठं जायचं? आमच्या त्या चौथ्याला आम्ही शेतावर घेऊन गेलो. आंबिलीचं मडकं फिरलं, सगळे जेवले, आणि मग माझ्या एका पार्टनरच्या आजीनं त्याला जवळ बसवून मायेनं विचारलं, "बाळा, पाहुणे कुठले रं तुमचे?" त्यानं खरं सांगितलं. म्हातारी क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं बरं, आणखी भज्जी घे." भज्जी तिनं वाढली, पण वाढताना पळी उंच धरली. ती पळी आम्ही सगळ्यांनी पाहिली. नंतरच्या येळवशीला त्यानं काहीतरी काम काढलं आणि आम्हीही आग्रह केला नाही. माझ्या मते आमचा भाऊपणा तिथवरच पोचला होता, आणि तो त्याहून लांब गेला असं मी सांगणार नाही.

भूकंपानं मात्र काही वेगळं दाखवलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. सास्तूर आणि आसपासच्या गावांतली माळवदाची घरं बसली. जिल्ह्यातल्या खोल्यांमधून पोरं मिळेल त्या वाहनानं निघाली, ज्याचं गाव त्या पट्ट्यात होतं तो आणि त्याच्या खोलीतले सगळे. ढिगारा उपसताना कुणी कुणाला पाहुणे विचारले नाहीत. अनाथ झालेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढलं. वेगवेगळ्या गावांची, जातींची मुलं तिथं एका छपराखाली भावंडांसारखी वाढली. चाळणी लावून निवडलेल्यांच्या भाऊपणापेक्षा हा भाऊपणा मला मोठा वाटतो.

एवढं सगळं लिहिताना ‘पोरं’ हाच शब्द पुन्हा पुन्हा आला, हे लक्षात आलं असेल. बसस्थानकावर डबा घ्यायला मुली नसत. त्या नव्हत्याच असं नाही. त्या रोज घरून येऊन-जाऊन शिकत. मुलींची सोरोरिटी आमच्याकडं खोलीत न जमता एसटीच्या मधल्या बाकांवर जमली. एका गावच्या तिघी-चौघी मिळून जात, एकीनं धावत चढून रुमाल टाकून जागा धरायची, संध्याकाळची गाडी चुकली तर सगळ्यांनी मिळून थांबायचं. बारावीपर्यंत पास फुकट, पुढं सवलतीचा. घरची परवानगी एकटीला कधीच नसते, ती त्या चौघींच्या सोबतीला असते. त्यामुळं चौघींतल्या दोघींची लग्नं ठरली की उरलेल्या दोघींचं कॉलेज हलतं. मुलगी हुशार असते, फी भरलेली असते, बापाचीही तशी ना नसते. "सोबत राहिली नाही सर," एवढंच सांगून ती दाखला मागायला येते. आमच्या वर्गांतून मुली गळण्याचं हे कारण कुठल्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही. 2021 च्या दिवाळीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. मुलगे मोटारसायकलींवर तिघं-तिघं बसून आले, मुलींचे बाक रिकामे राहिले. संप मिटल्यावर त्यातल्या कितीतरी जणी परत आल्या त्या मंगळसूत्र घालून, निव्वळ परीक्षेपुरत्या.

मुलींची वसतिगृहं आहेत, पण मागणीच्या मानानं जागा थोड्या. गेट संध्याकाळी लवकर बंद होतं, ग्रंथालय त्यानंतरही उघडं असतं. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र 1986 पासून आहे. ईशान्येपासून दक्षिणेपर्यंतच्या मुली तिथं वसतिगृहात राहून शिकतात आणि शेजारच्या गावातली मुलगी मात्र पाच वाजता गाडीसाठी पळते. त्या बाहेरच्या मुलींचा मला हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो. पण आपल्या पोरीला त्यांच्यासारखी एक रात्र चर्चा करत जागायला मिळत नाही, ही गोष्ट सलते.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये मिळतात, जेवणाचे आणि राहण्याचे मिळून. पैसे उशिरा का होईना, येतात. किल्ली येत नाही. पैसे हातात असलेली मुलगी आजही खोली शोधत फिरते आणि आजही कुणाचा तरी पुतण्या येणार असतो. धाराशिव, कळंब, उमरगा, तुळजापूर इथल्या कितीतरी बंगल्यांच्या वरच्या माड्या मुलं पुण्या-मुंबईला गेल्यामुळं रिकाम्या आहेत. त्या माड्यांचे मालक बहुतेक माझ्याच पिढीचे, मुक्कामी गाडीच्या डब्यावर वाढलेले. त्यांना माझी विनंती आहे: या जूनमध्ये वरची माडी चार मुलींना भाड्यानं द्या. कॉलेजचं ओळखपत्र बघा, भाडं आगाऊ घ्या, वेळेचे नियम हवे तर लावा. पाहुणे कुठले, ते विचारू नका.