मोरचूद, चुना आणि दहावीचे विज्ञान

नववीच्या वर्गात व्यावसायिक विषय आला की मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या पालकांना ते नव्या शिक्षण धोरणाचे खूळ वाटते. विचार मात्र जुना आहे. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मोडी-बाळबोध वाचन, लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले होते, शाळेजवळ नमुन्याची लहानशी शेतीही मागितली होती. आयोगाने माध्यमिक शिक्षणासाठी सुचवले ते निराळेच. वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-व्यवहाराकडे. दुसऱ्या वाटेला फार थोडे वळले, कारण सरकारी नोकरी पहिल्या वाटेवर होती. फुल्यांना सगळ्या मुलांच्या शिक्षणात शेती हवी होती. व्यवस्थेने मुलेच दोन गटांत वाटली. त्यानंतर हा विचार जेव्हा जेव्हा वर आला, तेव्हा याच जागी अडला, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठा प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला. पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि वर्धाही. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नयी तालीमचा आराखडा केला. सूतकताई, सुतारकाम, शेती असा एखादा उद्योग मध्ये ठेवायचा आणि गणित, भूगोल, विज्ञान त्याच्या अंगाने शिकवायचे, ही त्यातली मूळ कल्पना. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या आग्रहावर वाद झाला. प्रा. के. टी. शहा यांनी परिषदेतच आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. शाळेचा कारखाना होण्याची भीती खोटी नव्हती. पण त्या वादात मोलाची गोष्ट मागे पडली. हाताचे काम एका जातीचे आणि डोक्याचे दुसऱ्या जातीचे, ही आपल्या समाजाची वाटणी मोडण्याची ताकद त्या आराखड्यात होती. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ते निष्ठेने करून दाखवले. बाकी ठिकाणी टकळी राहिली, तिच्या अंगाने शिकवायचे गणित राहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव सुचवला. तो वेळापत्रकात शुक्रवार-शनिवारच्या शेवटच्या तासाला जाऊन बसला. 1986 च्या धोरणाने उच्च माध्यमिकचे 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यावसायिक शाखेत नेण्याचे ठरवले. तेही साधले नाही. 2020 च्या धोरणात सहावीपासून ओळख, दहा दिवस दप्तराविना शाळा आणि 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव असे लक्ष्य आले. आयटी, रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस, शेती असे ट्रेड शाळांतून आले. त्यांचे अभ्यासक्रम तयार करणारी एनसीईआरटीची संस्था भोपाळलाच आहे. प्रत्येक ट्रेडसोबत रोजगारक्षम कौशल्यांचा भाग असतो: संवाद, स्वव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता, हरित कौशल्ये. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि अर्ज इंग्रजीत अशा आपल्या मुलांना यातला संवादाचा भाग खरोखर लागतो. तो मन लावून शिकवला जावा.

तरी कल्पना आकसली आहे. फुल्यांपासून सेवाग्रामपर्यंत काम हे ज्ञानाचे साधन होते. आता ते मुख्यतः नोकरीची तयारी झाले. आपल्या भागात ही तुटातूट स्पष्ट दिसते. दहावीच्या विज्ञानात मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवतात. खिळ्यावर तांबूस थर चढतो, निळा रंग फिका होतो, आणि मुले विस्थापन अभिक्रियेचे समीकरण पाठ करतात. त्याच मुलांच्या घरी संत्र्याच्या झाडांना डिंक्या लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट करतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे आणि त्यात लोखंडी विळा किंवा पाते बुडवून पाहायचे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. ही तीच अभिक्रिया! बागेतला गडी तिच्यावर भरवसा ठेवून काम करतो, मुलगी तिच्यावर गुण मिळवते, आणि दोघांची गाठ शाळा घालून देत नाही. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरणे, आंबिया बहारासाठी बागेला ताण देणे, सल काढणे यांत वनस्पतिशास्त्र आहे. बाग फुलावर विकायची की तोडून, यात अख्खे वाणिज्य आहे. तो हिशेब चुकला की वर्षाची कमाई जाते.

हे जमते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळांसाठी घडवलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हे चारही भाग हाताने करतात आणि गावाला सेवाही देतात. अमुक एक ट्रेड घेऊन तिथे मूल अडकत नाही, आणि हुशार-ढ अशी वाटणीही होत नाही.

असे शिक्षण आपल्याकडेही चालेल. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर तालुक्यातल्या बोरगावला कापडाचा कारखाना आहे, पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटरवर आहे, आणि तिथे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. कारखान्यात जाणाऱ्यांनाही हे शिक्षण कमी पडणार नाही. मोजमाप, नोंद, कारण शोधणे सगळीकडे लागते.

म्हणून पालकांना विनंती आहे. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागा. गावातल्या कलमे बांधणाऱ्याला, सुताराला, मोटार दुरुस्त करणाऱ्याला मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवा. आणि व्यावसायिक विषयाला पहिल्या बाकावरची मुलेही बसवा, आपल्या मुलीपासून सुरुवात करून.