ज्याला दुसरी जागा नाही

एखाद्या पक्ष्याला उगाच दगड मारणे पाप आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. परंतु पक्ष्याला हातही न लावता त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, तर त्या कृत्याला काय म्हणावे? व्यवहारात त्याला विकास म्हणतात. शरीअतच्या कसोटीवर त्याचे नाव काय, हे पाहिले पाहिजे.

नवी मुंबईत सीवूड्सजवळ तलावे आणि एनआरआय या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पाणथळ जागा आहेत. तेथे गोल्फचे मैदान व निवासी इमारती उभारण्याची योजना होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती रोखली. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ठाणे खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. मग या पाणथळींचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला खाडीतील चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी तेथे शैवाल व सूक्ष्म जीव टिपतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा त्यांचे थवे जवळच्या उथळ पाणथळीत विसाव्याला येतात. अभयारण्याची हद्द माणसाने आखली. पक्ष्याचे जगणे मात्र तिच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे विभागलेले आहे.

दिव्य कुरआनच्या सूरह अन्आममध्ये पंखांनी उडणाऱ्या जीवांनाही आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. सूरह रहमानमध्ये सृष्टीतील संतुलन न बिघडविण्याचा आदेश आहे आणि त्याला लागूनच, पृथ्वी सर्व जीवांसाठी अंथरली असल्याचा उल्लेख आहे. अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, प्रवासात काही सहाबींनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती तडफडत घिरट्या घालू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पिल्ले परत ठेवण्याची आज्ञा दिली. पक्षिणीला कोणी इजा केली नव्हती. तिचे सर्वस्व तेवढे हिरावले होते. तोही जुलूमच ठरला.

यावर एक आक्षेप रास्त आहे : माणसाच्या गरजेचे काय? इस्लाम माणसाची गरज कधीच नाकारीत नाही. इमाम गझाली व इमाम शातिबी यांनी मानवी हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या : जरूरियात म्हणजे ज्यांवाचून जीवन चालत नाही त्या गोष्टी, हाजियात म्हणजे ज्यांवाचून अडचण होते त्या, आणि तहसीनियात म्हणजे शोभा व सुखसोयी. बेघरांसाठी घरे किंवा रुग्णालय यांचा प्रश्न असता, तर निर्णय खरोखर कठीण होता. गोल्फचे मैदान मात्र तिसऱ्या पायरीवरचे आहे. एकाच्या शोभेसाठी दुसऱ्याची जरूरियात बळी देता येत नाही.

हजरत उमर (रजि.) यांनी रबजा येथे राखीव कुरण, म्हणजे हिमा, ठेवले होते. सहीह बुखारीत त्यांनी तेथील रखवालदाराला दिलेली सूचना नोंदलेली आहे. मोजकी जनावरे असलेल्या गरिबाला आत येऊ द्यावे, अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान (रजि.) यांच्या कळपांना मात्र रोखावे. कारण या श्रीमंतांची जनावरे मेली, तरी त्यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत. गरिबाकडे दुसरे काहीच नाही. न्यायाची ही कसोटी किती स्वच्छ आहे! जमीन कोणाला हवी आहे, एवढेच पाहून भागत नाही. ती गेल्यावर कोणाला दुसरी जागा उरते, हे पाहावे लागते. खेळणाऱ्याला दुसरे मैदान मिळेल, बांधणाऱ्याला दुसरा भूखंड मिळेल. भरतीच्या वेळी उडालेला थवा कोठे उतरेल?

घर घेताना कर्जात व्याज आहे का, याची आपण चौकशी करतो आणि ते योग्यच आहे. ही इमारत कोणाचे पाणी बुजवून उभी राहिली, हेही विचारण्याची सवय आपल्या कुटुंबांना लागली पाहिजे. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हा त्या लेखी नोंदविणे ही मुक्या जीवाच्या वतीने दिलेली साक्षच आहे. पृथ्वीवर अल्लाहने आपल्याला खलिफा नेमले आहे, मालक नव्हे. आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागतो.

अल्लाह आपल्याला दुर्बलाचा हक्क ओळखण्याची आणि तो राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.