टी-शर्ट विकले जात नाहीत म्हणे!

तुझा दोन पानी मेसेज वाचला. अल्गोरिदम पोस्ट दाबतं, मंदी आहे, लोकांना चव नाही, मराठी माणूस खिशात हात घालत नाही, छापणारी कंपनी भिकार निघाली. सगळ्यांच्या डोक्यावर खापर फोडून झालं. एकच डोकं राहिलं. कोणाचं, तेही मीच सांगू?

आधी मला सांग, या धंद्यात तुझं काम काय? कापड तिरुपूरचं. शिलाई त्यांची. मशीन छापणाऱ्या कंपनीचं, शाई त्यांची. घडी घालून पाकिटात भरणारा त्यांचा, कुरिअर बोलावणाराही त्यांचा. ऑर्डर आल्याशिवाय एक नग छापत नाहीत, म्हणजे माल पडून राहायची धास्ती नाही. मग तुझ्या वाट्याला उरलं काय? चित्र काढायचं, आणि ते नीट छापलं जातंय ना, एवढं बघायचं. नेमकं तेवढंच तू केलेलं नाहीस.

स्क्रीन प्रिंटिंग तुला मी शिकवलंय. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, इमल्शन लावा, एक्स्पोज करा, धुवा, रजिस्ट्रेशन जुळवा, मग कुठे स्क्वीजी हातात घ्या. पाच-दहा नगांना कोणी उभं करायचं नाही, स्क्रीनचा खर्चच निघायचा नाही. म्हणून माणसं छापायच्या आधी दहादा बघायची. एक वेलांटी चुकली की सगळा गठ्ठा लादी पुसायला. आता एक नग छापून मिळतो. एकच छापा, घाला, धुवा, उलटसुलट करून बघा! आमच्या वेळी स्वप्नातही नव्हती अशी सोय. आणि सोय झाल्यावर तू काय केलंस? बघणंच सोडलंस.

नमुना मागवलास का? 'सर, मॉकअप बघितला होता.' अरे, मॉकअप म्हणजे कंपनीने ठेवलेला कोऱ्या टी-शर्टचा फोटो, त्यावर तुझी फाइल चिकटवलेली. त्यात वाईट दिसतं काय? पडद्यावरचा पोपटी प्रकाशाचा असतो, कापडावर शाई असते. आरजीबीतला झगझगीत पोपटी शाईत तसा उतरत नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या पेपरात तू लिहिलंस आणि मार्कही घेतलेस. मग गिऱ्हाईक 'रंग मेला' म्हणालं तर तुला आश्चर्य कसलं वाटतं?

आणि ती छाया. काळ्या टी-शर्टवर अक्षरांमागे मऊ, विरत जाणारी छाया टाकलीस. गडद कापडावर आधी पांढऱ्या शाईचा थर बसतो आणि त्यावर रंग. अर्धपारदर्शक कडांखालीही ते पांढरं जाऊन बसतं. म्हणून तुझ्या अक्षरांभोवती रांगोळी सांडल्यासारखी कड आली. कंपनीचं काय चुकलं? तू दिलंस ते तिने छापलं.

बरं, छाया एक वेळ माफ. 12 इंच रुंद छपाईला 300 डीपीआयने 3600 पिक्सेल लागतात. तू इन्स्टाची पोस्ट उचलून दिलीस, 1080 पिक्सेलची. भाग दे. 90 येतात. 'दर्जा कमी आहे' म्हणून पडद्यावर सूचना आली होती, हे तूच लिहिलंयस. तरी तू 'पुढे जा' दाबलंस. ते बटण कोणाच्या बोटाने दाबलं, अल्गोरिदमच्या?

गणपतीतला प्रकार मात्र मला फार झोंबला. मंडळाची चाळीस टी-शर्टांची ऑर्डर. ओळखीची पोरं, वर्गणीतून आगाऊ पैसे देऊन निश्चिंत झालेली. आणि पाठीवर 'मित्रमंडळ' कसं आलं? 'मि'ची वेलांटी घरंगळून 'त'च्या डोक्यावर. 'त्र' फुटलेला, पाय मोडका 'त' एकीकडे, 'र' दुसरीकडे. मिरवणुकीत ढोलामागे चाळीस पाठी, आणि चाळीस पाठींवर तुझी लाज. म्हणे सॉफ्टवेअरचा घोटाळा! देवनागरीची जुळणी चालू कर, हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. एक सेटिंग आहे. ते तुला माहीत नाही असं मला सांगू नकोस. वर्गात बाकीच्यांची जोडाक्षरं तूच दुरुस्त करून द्यायचास. 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या मंडळींनी मुक्ता, मोदक असे देखणे फाँट खुल्या परवान्यावर फुकट देऊन ठेवलेत. तुला फाइल पाठवण्याआधी फक्त एकदा वाचायची होती. एक शब्द होता रे, एक!

तो 'कॉमन मॅन'चा टी-शर्ट आजच्या आज काढून टाक. 'सगळेच टाकतात' हे उत्तर माझ्यापुढे नको. त्याचे चित्रकार आर. के. लक्ष्मण 2015 साली गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क असतो. म्हणजे 2075 संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि कायदा राहू दे बाजूला. तुला स्वतःला रेषा आहे. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांची तुझी स्केचेस कॉलेजच्या प्रदर्शनात लागली होती, तेव्हा लोक चपला हातात घेऊन थांबले होते. ती रेषा घरात कोंडून दुसऱ्याची विकायला निघालास? उरलेल्या टी-शर्टांवर काय, तर 'नाद खुळा' आणि 'विषय हार्ड'. ते हातगाडीवर दोनशेला मिळतं. तुला पाचशे कोणी का द्यावेत?

शिकागोत 2000 साली थ्रेडलेस हे टी-शर्टांचं दुकान निघालं ते चित्रांच्या स्पर्धेतून. लोक मतं द्यायचे आणि त्यातून निवडलेली चित्रं छापली जायची. तू किती जणांना दाखवलंस? आईला तरी?

आता पैसे. 499 ला विकतोस. टी-शर्ट, छपाई, पाकीट, कुरिअर, जीएसटी धरून तुला पडतो 430 ला, हा तुझाच आकडा. हातात उरले 69. त्यातून जाहिरात. वर सगळ्यांना कॅश ऑन डिलिव्हरी! दारात आलेलं पाकीट कोणी नाकारलं की जायचं भाडं तुझं, यायचं भाडं तुझं, आणि छापलेला टी-शर्टही तुझ्याच गळ्यात. एका परतीत सात टी-शर्टांची कमाई गेली. हा हिशेब वहीच्या अर्ध्या पानात मावतो. मांडलास कधी? नाही मांडलास, कारण मांडला असतास तर मेसेज पाठवायला तोंड राहिलं नसतं. वेड पांघरून पेडगावला जायची ही तुझी जुनी सवय.

वेळ मिळत नाही म्हणू नकोस. रात्री दोनला टाकलेली स्टेटस मलाही दिसतात.

आणि दुकान बंद करतो म्हणालास, ते तर मुळीच चालणार नाही. पळायला तेवढी एक वाट बरी शोधलीस! सगळी डिझाइनं उतरव. तुझ्या हातची तीन ठेव. तिन्हींचा एकेक नग मागव, स्वतःच्या पैशाने. घाल, उलटा करून गार पाण्यात धू, वाळव, पुन्हा धू. कडा बघ, रंग बघ, वेलांट्या बघ. मग मला फोटो पाठव, मॉकअप नको, तुझ्या अंगावरचा. आणि त्याआधी मंडळाच्या पोरांकडे जाऊन ये. फोन उचलत नाहीत म्हणालास ना? घरं माहीत आहेत तुला.