सोन्याच्या पाण्याचा खरेपणा

टिकत नाही ते खोटं, असं आपण फार सहज म्हणून जातो. नोएडात घरच्या छोट्या लेथवर मी शाईची पेनं करते. काही एबोनाइटची, काही कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून आणलेल्या शिसमच्या तुकड्यांची. पेन हातात घेतल्यावर शाई गळेल का, असं फार थोडे लोक विचारतात. बहुतेकांना हवं असतं ते एवढंच, की क्लिपवरचं सोनं किती दिवस राहील. रोज वापरलंत तर काही वर्षांत जाईल, असं सांगितलं की चेहरा उतरतो. ‘म्हणजे दिखावाच झाला की, ताई,’ असं पहाडगंजच्या एका मराठी काकांनी मला ऐकवलं. त्यात राग नव्हता, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांना नीट उत्तर द्यायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं आहे.

आधी वस्तू बघू. क्लिप पितळेची असते. पितळेवर थेट सोनं चढवलं तर खालचं तांबं हळूहळू सोन्यात शिरतं आणि रंग मरतो, म्हणून मध्ये निकेलचा थर देतात. वरचं सोनं बहुतेक वेळा एक मायक्रॉनसुद्धा नसतं. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. चांदीवर 2.5 मायक्रॉन सोनं चढवलं की ते काम जाड समजतात. 24 कॅरट सोनं मऊ, ते लवकर झिजतं. त्यात किंचित कोबाल्ट मिसळला की ते कणखर होतं. त्यातून दिल्लीचा जून-जुलै म्हणजे बोटांना सतत घाम, आणि घामात मीठ आणि आम्ल दोन्ही. वापरलेली क्लिप भिंगाखाली धरली की तिचं वय वाचता येतं. खिशाच्या कापडाला घासणारं टोक सगळ्यात आधी उघडं पडतं. पिवळ्याच्या मधोमध एक पांढुरका ठिपका दिसतो, ते निकेल. तो ठिपका पसरत जातो आणि त्याच्या मधोमध पुन्हा पिवळं उगवतं, पण हे पिवळं मातकट असतं. ते पितळ.

आता सगळ्यात टिकणारं ‘सोनं’ कोणतं, तर टायटॅनियम नायट्राइड. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ नायट्रोजनशी संयोग पावून धातूवर बसते. ड्रिलच्या बिटांवर जो सोनेरी लेप असतो तो हाच. रंग सोन्याचा, पण त्यात सोनं औषधालाही नाही. काकांचा निकष लावला तर हे खरं ठरतं आणि झिजणारं अस्सल सोनं खोटं ठरतं. हे त्यांनाही पटणार नाही.

माझे वडील संस्कृत शिकवायचे. त्यांच्यामुळे ब्रह्मसूत्रावरच्या शांकरभाष्याची सुरुवात माझ्या कानावर लहानपणापासून पडली. पहिल्या सूत्राला हात घालण्याआधी आचार्य अध्यासाची चर्चा करतात, म्हणजे एका वस्तूवर दुसरीच लादून पाहण्याची. उदाहरण शिंपलीचं. ती चांदीसारखी भासते. ती चांदी काही झिजत नाही, शिंपली ओळखू आली की एका क्षणात जाते, कारण ती तिथे कधी नव्हतीच. क्लिपवरचं सोनं मात्र तिथे असतं. थोडं, पण असतं. ते घासून जातं, ज्ञानानं जात नाही. दोन्ही ‘जाणं’ आपण एकाच मापानं मोजतो, तिथे घोटाळा होतो. वेदान्तात सत्याला त्रिकालाबाधित म्हणतात, त्याचा अर्थ दीर्घायुषी असा नाही. कोणत्याही काळी ज्ञानानं ज्याचा बाध होत नाही ते सत्य. टिकाऊपणा हा त्या चर्चेचा विषयच नाही. क्लिप भरीव सोन्याची आहे असं मी मानलं तर मी अध्यासात आहे, मग मुलामा शंभर वर्षं टिकेना का. खाली पितळ आहे हे मला ठाऊक असेल तर मुलामा शाबूत असतानाही माझी फसवणूक संपलेली असते.

ईशावास्याचा पंधरावा मंत्र इथे हटकून आठवतो. सत्याचं मुख सोन्याच्या झाकणाखाली आहे, आणि ऋषी ते दूर कर म्हणून पूषाला, सूर्याला विनवतो. त्यात सोन्याचा धिक्कार नाही, याचं मला फार मोल वाटतं. आणि त्याच उपनिषदाचा दुसरा मंत्र कर्मं करीतच शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरायला सांगतो. हे दोन मंत्र मी जोडून वाचते. रोज लिहिणाऱ्या माणसाच्या पेनावरचं हे सोन्याचं झाकण त्याच्या कामानंच दूर होत जातं. ही संगती माझी आहे, भाष्यकारांची नव्हे.

मग मुळात मुलामा द्यायचाच कशाला? आपल्या घरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होत असे. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील वितळलं की बोळ्यानं भराभर फिरवायचं. ही कल्हई जाणार हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि गेली की कल्हईवाल्याची वाट पाहत. ताकाची कढी कळकू नये म्हणून दिलेल्या त्या थराला कुणी ढोंग म्हटलं नाही. अमृतसरच्या हरमंदिर साहिबावर रणजितसिंहांच्या काळात चढलेले सोनेरी पत्रेही तांब्याचेच आहेत. आपल्या नामदेवांची पदं ज्या ग्रंथात आहेत, तो ग्रंथ त्या छताखाली रोज वाचला जातो.

काकांच्या तक्रारीत तथ्य आहे ते दुसरीकडे. दिल्लीत वझीरपूर, आनंद पर्वत, मायापुरी इथे प्लेटिंगची कामं चालतात. त्या धुण्याच्या पाण्यात निकेल, क्रोम, सायनाइड येतं. ते शुद्ध न करता सोडलं तर नाल्यानाल्यांनी नजफगढ नाल्यात आणि वझीराबादच्या खाली यमुनेत जातं. ईशावास्याचा पहिलाच मंत्र दुसऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको म्हणतो. नदी हे दुसऱ्याचंच धन आहे. टिकाऊपणाला मी इथे मान देते. मुलामा जितका टिकेल, तितक्या कमी वेळा क्लिप पुन्हा प्लेटिंगच्या हौदात बुडवावी लागेल. माझ्या पेनांच्या क्लिपा आता मी साध्या स्टीलच्या करते. मागणी आली तरच मुलामा देते, आणि थर किती व खाली काय ते पेटीतल्या चिठ्ठीवर लिहून देते.

तुम्ही हातानं बनवलेलं पेन घ्याल तेव्हा सोनं किती वर्षं टिकेल हे जरूर विचारा. पण त्याआधी सोन्याखाली काय आहे आणि प्लेटिंगचं पाणी कुठे जातं, हेही विचारा. बनवणाऱ्याला ते सांगता आलं पाहिजे.