शौच आणि अहिंसा

पतंजलीने शौचाची गणना नियमांत केली आहे, यमांत नव्हे. आणि खेड्यातील पाणवठ्यांचा व संडासांचा विचार करू लागलो म्हणजे हे वर्गीकरणच मला वारंवार अडवते. यमांचा विषय इतरांशी होणारा व्यवहार, त्यांत अग्रस्थानी अहिंसा. नियम म्हणजे साधकाने स्वतःपुरते आचरावयाचे व्रत. शौच असे स्वतःपुरते ठरले की ते देहाच्या सीमेवर येऊन थांबते. स्नान झाले, सोवळे नेसले, कर्तव्य संपले. अंगावरून वाहिलेले पाणी पुढे कोणाच्या घागरीत गेले, याची चौकशी त्या व्रताच्या कक्षेत येतच नाही.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सभासद बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने दुसऱ्याच वर्षी त्याला अनुसरून ठराव केला, अंमलबजावणी मात्र कागदावरच राहिली. आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी ते पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा गुराढोरांना जिथे मज्जाव नव्हता ते तळे मनुष्यस्पर्शाने विटाळले असे ठरवून सनातन्यांनी त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र कालवून त्याची शुद्धी झाली असे मानणाऱ्या बुद्धीला मूर्ख म्हणणे सोपे आहे. मला ती मूर्ख वाटत नाही, सुसंगत वाटते. आपले सोवळेपण राखणे हीच जिची शुद्धीची व्याख्या, तिने पाण्यात काय आहे हे पाहावेच का?

नारूने ते पाहावयास लावले. पायऱ्यांच्या विहिरीत उतरलेल्या रोग्याच्या पायावरील फोडातून नारूची मादी पाण्यात असंख्य पिले सोडते, ती पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या पोटात जातात, ते जीव पाण्यावाटे माणसाच्या पोटात, आणि सुमारे वर्षाने दोन-तीन फूट लांबीचा कृमी त्या माणसाच्या पायातून बाहेर डोकावू लागतो. रोग्याचा पाय सोवळ्यातला की ओवळ्यातला, हा प्रश्न त्या कृमीला पडत नाही. यावर औषध नव्हते. पाणी फडक्याने गाळणे आणि पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधणे, हाच मुख्य बंदोबस्त. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला.

आता फडक्याने गाळलेले पाणी प्यावे ही आज्ञा मनुस्मृतीतही संन्याशासाठी आहे, आणि जैन गृहस्थ तर ती पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आले. परंतु जैनांचा त्यामागील हेतू पाण्यातील जीव मरू नयेत हा. (गाळण्यातील जीव पुन्हा मूळ पाण्यात सोडण्याचीही त्यांची रीत आहे.) म्हणजे पिणाऱ्याचे रक्षण करणारा आचार परंपरेत जिथे टिकला, तिथे तो विटाळाच्या भयाने नव्हे, दुसऱ्याच्या जीविताच्या काळजीने टिकला. पाणी व मैला यांची जागा शौचाच्या प्रकरणात नसून अहिंसेच्या प्रकरणात आहे, असे म्हणण्यास मला एवढा आधार पुरेसा वाटतो.

मैल्याच्या बाबतीत हीच दृष्टी गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांच्या कृतीत दिसते. त्यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम, म्हणजे मैला साफ करण्याचे काम, मागितले, सरकारने ते सवर्ण कैद्याला नाकारले, आणि त्या प्रश्नावर येरवड्यात गांधीजींनीही उपवास आरंभला. स्वतःचे शौच एवढेच अप्पासाहेबांना जपावयाचे असते तर सरकारचा नकार त्यांच्या पथ्यावरच पडला असता.